घराचा विमा : हप्ता रास्त की जास्त?

सांगली - आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या वर गेले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता या भागांतील कुटुंबांनी दोन वर्षांच्या अंतराने दोनदा चिखल उपसला. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने शहरी भागातील पूरग्रस्त कुटुंबासाठी १५ हजार रुपयांचे तातडीचे साह्य जाहीर केले होते. गाद्या, फ्रीज, कपाटे आणि वर्षाचे धान्य गमावलेल्या घराला या रकमेतून किती उभारी मिळाली असेल, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

तेव्हापासून कृष्णाकाठी घराच्या विम्याची चौकशी वाढणे स्वाभाविक होते. चौकशी केली, की हाती एक आकडा येतो. कोणी वर्षाला हजार रुपये सांगतो, कोणी तीन हजार, तर गृहकर्जाच्या कागदांत एकदम तीस-चाळीस हजारांची रक्कम दिसते. यातील महाग कोणता आणि स्वस्त कोणता, हा प्रश्न सांगलीकराला पडतो तसाच साताऱ्यातील सदर बझार किंवा शाहूपुरीत राहणाऱ्यालाही पडतो. केवळ हप्त्याच्या आकड्याकडे पाहून त्याचे उत्तर देता येत नाही. तो हप्ता किती रकमेवर, कोणत्या संकटांसाठी आणि कोणत्या जागेसाठी आकारला आहे, या तीन गोष्टी समजल्याखेरीज आकड्याला अर्थ नसतो.

एकेकाळी हा प्रश्नच नव्हता. आगीच्या विम्याचे दर दर-सल्लागार समिती ठरवीत असे आणि सर्व कंपन्यांना ते बंधनकारक असत. १ जानेवारी २००७ पासून हे दरबंधन उठले आणि प्रत्येक कंपनी आपला दर स्वतः ठरवू लागली. दर मोकळे झाले, परंतु त्यांची तुलना करण्याची सवय ग्राहकांना लागली नाही. मोटारीच्या विम्यासाठी चार ठिकाणी विचारणारा माणूस घराच्या विम्याची रक्कम बँकेच्या अर्जावर लिहिली असेल तशी मान्य करतो.

तुलना सोपी करणारी एक गोष्ट मात्र पुढे घडली. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हे प्रमाणित विमापत्र लागू केले. आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ते देणे बंधनकारक आहे आणि त्याचा मूळ मजकूर सर्व कंपन्यांत सारखाच असतो. आग, वीज पडणे, स्फोट, भूकंप, वादळ, पूर, जमीन खचणे, दरड कोसळणे, दंगल, पाण्याची टाकी वा नळ फुटणे आदी संकटे त्यात मुळातच समाविष्ट आहेत. वस्तू एकच असल्याने दोन कंपन्यांच्या दरांची तुलना येथे खऱ्या अर्थाने करता येते. म्हणून प्रथम या विमापत्राचा भाव विचारावा. कंपनीने दुसरे एखादे विमापत्र पुढे केले, तर त्यात काय जादा आहे आणि काय वगळले आहे, याची विचारणा करावी.

जागेची किंमत नव्हे, बांधकामाचा खर्च

हप्ता चुकीचा वाटण्याचे सर्वांत मोठे कारण दरात नसते, विमित रकमेत असते. सदनिका ४८ लाखांना घेतली म्हणजे विमाही ४८ लाखांचा हवा, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः त्या किमतीत जमिनीचा, परिसराचा आणि बांधकाम व्यावसायिकाच्या नफ्याचा वाटा असतो. आगीत किंवा भूकंपात जमीन नष्ट होत नाही. विमा असतो तो तीच वास्तू आजच्या दराने पुन्हा उभारण्याच्या खर्चाचा. भारत गृह रक्षा विमापत्रात इमारतीची विमित रक्कम काढण्याचे सूत्रच ठरलेले आहे : चटई क्षेत्र गुणिले विमा सुरू होताना असलेला बांधकामाचा दर.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून कल्पिलेले आहेत. समजा, चटई क्षेत्र ८०० चौरस फूट आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला २ हजार रुपये आहे. इमारतीची विमित रक्कम झाली १६ लाख. इमारत व सामान दोहोंचा विमा घेतल्यास इमारतीच्या रकमेच्या २० टक्के इतके घरसामान, कमाल १० लाखांपर्यंत, यादी न देता समाविष्ट होते. म्हणजे येथे ३ लाख २० हजार. एकूण १९ लाख २० हजार रुपये. त्यासाठी कंपनीने करासह १,१८० रुपये मागितले, तर त्यातील १८ टक्के जीएसटी वजा जाता मूळ हप्ता हजार रुपये उरतो. हजार रुपयांच्या संरक्षणामागे साधारण ५२ पैसे, हा झाला त्याचा 'हजारी दर'.

आता दुसरी कंपनी ४८ लाखांची विमित रक्कम धरून २,४०० रुपये अधिक कर मागते. हजारी दर झाला ५० पैसे. कागदावर ही कंपनी स्वस्त दिसते. प्रत्यक्षात ग्राहक दुपटीहून अधिक पैसे देतो आणि त्यांतील मोठा भाग कधीही न मिळणाऱ्या भरपाईसाठी जातो, कारण घर पूर्ण कोसळले तरी भरपाई पुनर्बांधणीच्या खर्चापुरतीच मिळते. तेव्हा आधी रक्कम बरोबर करून घ्यावी आणि मगच दर ताडून पाहावा.

बांधकामाचा दर कोठून आणायचा? सरकारच्या वार्षिक बाजारमूल्य दर तक्त्यात, म्हणजे रेडी रेकनरमध्ये, बांधकामाचे दर जमिनीपासून वेगळे दिलेले असतात. त्यावरून अंदाज येतो. पण तेवढ्यावर थांबू नये. गावातल्या एखाद्या अभियंत्याला अथवा ठेकेदाराला विचारले तर आजचा खरा दर कळतो. जुन्या सांगलीतील गावभागात किंवा साताऱ्याच्या पेठांमध्ये लाकूड-मातीचे वाडे अजून नांदते आहेत. त्यांच्या बाबतीत तर हे आवश्यकच आहे. अशा वास्तूचे बांधकाम अर्जात आहे तसेच लिहावे. 'आरसीसी' लिहून हप्ता थोडा कमी होईलही, पण खोटी माहिती दाव्याच्या वेळी अंगावर येते.

रक्कम जास्त ठेवणे जसे वाया जाते, तसेच कमी ठेवणे घातक ठरते. पारंपरिक विमापत्रांत 'सरासरीचे कलम' असे. सहा लाखांच्या सामानाचा विमा तीन लाखांचा असेल आणि नुकसान दोन लाखांचे झाले, तर विमा निम्माच होता म्हणून भरपाईही निम्मी, म्हणजे एक लाखच मिळे. भारत गृह रक्षा विमापत्रात हे कलम लागू होत नाही. विमित रकमेच्या मर्यादेत प्रत्यक्ष नुकसान मिळते. यावर कोणी म्हणेल, मग विमा निम्म्याचाच घ्यावा. चोरी किंवा छोट्या आगीपुरता हा हिशेब जमेल. पुरात जमत नाही, कारण तळमजल्यावर चार फूट पाणी शिरले तर सर्व वस्तू एकाच रात्री जातात.

पुराचे गणित

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. घर बांधण्याच्या परवानगीसाठी या रेषा नागरिकांना ठाऊक असतात. विम्याचा हप्ता तपासण्यासाठी त्यांचा उपयोग क्वचितच कोणी करतो. तो करता येण्याजोगा आहे.

समजा, तळमजल्याचे घर दोन रेषांच्या मध्ये आहे आणि तेथे पाणी शिरण्याचा संभव चाळीस वर्षांतून एकदा आहे. पाणी शिरल्यास सामान, गिलावा, वायरिंग व दारे मिळून तीन लाखांचे नुकसान होईल. तीन लाखांना चाळीसने भागले, की वर्षाला साडेसात हजार रुपये येतात. हा त्या घराच्या पूरजोखमीचा शुद्ध अंकगणिती खर्च. विमा कंपनीचा प्रशासकीय खर्च व नफा त्यावर आणखी असतो. अशा घराला सर्व संकटांसाठी मिळून दोन-तीन हजारांत विमा मिळत असेल, तर तो महाग म्हणता येत नाही. तेच घर लाल रेषेच्या बाहेर उंचावर असेल आणि संभव दोनशे वर्षांतून एकदा धरला, तर हाच खर्च दीड हजारावर येतो. पाणी घरापर्यंत पोचणारच नाही अशा ठिकाणी तो शून्याच्या जवळ जातो. तेथे विमा घ्यायचा तो आग आणि भूकंप यांच्यासाठी. हप्ता जास्त वाटल्यास तेथील ग्राहकाने घासाघीस अवश्य करावी.

'२५ वर्षांतून एकदा' हे वेळापत्रक नव्हे, हे सांगलीने सोसून पाहिले आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर १७ पावसाळ्यांत आले. अर्थात, पुराच्या वर्षापासून मोजणे सुरू करून पुराच्याच वर्षी थांबले, की सरासरी फुगते, हेही ध्यानात ठेवायला हवे. तरीही ज्यांच्या उंबऱ्यावर तिन्ही वेळा पाणी आले, त्यांनी पूररेषेपेक्षा स्वतःच्या भिंतीवरच्या खुणेवर अधिक विश्वास ठेवावा. आधीच्या पुरांची माहिती अर्जात विचारली असल्यास ती लपवू नये.

पुराचे संरक्षण वगळून हप्ता कमी केलेले विमापत्र हा कृष्णाकाठी सर्वांत फसवा सौदा ठरेल. आगीच्या जुन्या पद्धतीच्या विम्यात वादळ-पूर हा गट वगळून सवलत घेण्याची सोय असे. कंपनी निराळे विमापत्र देत असेल, तर पूर व भूकंप हे दोन शब्द त्यात स्पष्टपणे आहेत की नाही, ते स्वतः वाचून पाहावे.

वगळलेल्या गोष्टींत दोन बाबी या भागासाठी विशेष महत्त्वाच्या आहेत. जमीन खचण्याचे संरक्षण असले तरी नदीच्या पाण्याने काठ झिजून झालेले नुकसान त्यात येत नाही. भराव टाकून तयार केलेली जमीन दबल्यामुळे घराला तडे गेले, तर तेही येत नाही. ओढ्यानाल्यांच्या काठी भरावावर उभ्या राहिलेल्या वसाहतींनी हे कलम दोनदा वाचावे.

आणखी एक कलम पुराच्या काळात कळीचे ठरते. या विमापत्रात चोरीचे संरक्षण सरसकट नाही. विम्यातील एखादी आपत्ती घडल्यानंतर सात दिवसांच्या आत आणि त्या आपत्तीमुळे झालेल्या चोरीपुरतेच ते आहे. लोक घरे सोडून निवारा केंद्रांत अथवा नातेवाइकांकडे जातात, तेव्हा बंद घरांची काळजी असतेच. पाणी उतरायलाच आठवडा लागला, तर हे सात दिवस कधीपासून मोजणार, हा प्रश्न विमा घेतानाच लेखी विचारून ठेवलेला बरा. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. त्यात घर सलग किती दिवस बंद राहिले तर चालते, याची अट पाहावी. मुलांकडे पुण्या-मुंबईला महिना-दोन महिने राहायला जाणाऱ्या ज्येष्ठांना ही अट नेमकी आडवी येऊ शकते.

साताऱ्याची चिंता वेगळी

सातारा शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी चढावर वसलेले आहे. कृष्णा आणि वेण्णा या नद्या खाली माहुलीला भेटतात. शहराच्या बहुतेक भागाला नदीच्या पुराची भीती सांगलीसारखी नाही. कराड व पाटणची गोष्ट वेगळी. पण सातारा जिल्ह्याला कोयनेचा इतिहास आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झालेल्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली, कोयनानगर परिसरातील घरे जमीनदोस्त झाली. लहान धक्के तेथे आजही बसत असतात. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर आणि मिरगाव येथे दरडींखाली घरे गाडली गेली.

अशा संकटांना पुराचे वरील गणित लावता येत नाही. एका पिढीत एकदाही न घडणारी, पण घडल्यास सारे घरच नेणारी ही आपत्ती आहे. वार्षिक सरासरी काढली तर हाती क्षुल्लक रक्कम येते आणि हप्ता उगीच वाटू लागतो. येथे वेगळा प्रश्न विचारावा : घर उद्या नाहीसे झाले, तर ते पुन्हा बांधण्याइतके पैसे आपल्याकडे आहेत काय? नसतील, तर वर्षाच्या केबल भाड्याहून कमी असलेला हप्ता महाग ठरत नाही.

घरातले काय धरायचे?

सामानाची किंमत करताना बहुतेक कुटुंबे टीव्ही, फ्रीज आणि वॉशिंग मशीन मोजून थांबतात. भांडी, कपडे, पलंग, शिलाई यंत्र, मुलांची पुस्तके, शेगडी, पाण्याची मोटर यांची बेरीज अनेकदा या तिन्हींपेक्षा मोठी होते. खोलीमागून खोली असे मोबाईलवर चित्रण करून ते घराबाहेर, नातेवाइकाकडे वा इंटरनेटवर जपून ठेवावे. यादी करण्याचा कंटाळा येणाऱ्यांसाठी इतकेही पुरते. २० टक्क्यांची आपोआप मिळणारी मर्यादा कमी पडत असेल, तर जास्तीची रक्कम यादी देऊन वाढवून घेता येते. त्याचा हप्ता वाढेल आणि ती वाढ न्याय्यच असेल.

दागिने व मौल्यवान वस्तू यांचा समावेश स्वतंत्रपणे मागावा लागतो. लॉकरमध्ये सोने ठेवणाऱ्याने त्यासाठी हप्ता द्यावा का, हा ज्याच्या त्याच्या हिशेबाचा भाग आहे. आमच्या मते घरी जेवढे सोने असते तेवढ्याचाच विचार करावा. दारातील दुचाकी-मोटार गृहविम्यात येत नाही, तिच्यासाठी वाहनाचा सर्वसमावेशक विमा लागतो. धंद्याचा मालही येत नाही. मिरजेत घराच्या पुढल्या दालनात सतारी-तंबोरे घडवणाऱ्या कारागिराने किंवा घरीच हळदीची पोती ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने ही बाब लक्षात घ्यावी. पाच कोटींपर्यंतच्या व्यावसायिक मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' हे वेगळे प्रमाणित विमापत्र आहे.

सदनिकाधारकांनी सोसायटीने संपूर्ण इमारतीचा विमा घेतला आहे का, हे सचिवांना विचारावे. घेतला असल्यास स्वतःचा विमा सामानापुरता पुरे. एकाच भिंतीचे दोन विमे काढून भरपाई दोनदा मिळत नाही. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या सामानाला पुराचा धोका नाममात्र असतो, हे भाव ठरवताना बोलून दाखवायला हरकत नाही.

गृहकर्जाच्या कागदांतील 'विमा'

गृहकर्ज घेताना कापलेली तीस-चाळीस हजारांची रक्कम हा घराचा विमा असल्याचे समजून अनेक जण निर्धास्त असतात. तो बहुधा कर्जदाराच्या जिवाचा विमा असतो. कर्जदाराचा मृत्यू झाल्यास त्यातून कर्ज फिटते, पुराने घर बुडाल्यास काही मिळत नाही. दोन्ही विमे एकत्र असतील तर घराचा हप्ता किती आणि आयुष्याचा किती, हे बँकेकडून वेगळे लिहून घ्यावे. ही फोड केल्याशिवाय रक्कम रास्त की अवाजवी, हे सांगणे अशक्य आहे. शिवाय बँकेला चिंता असते ती तारण इमारतीची. विमा फक्त कर्जाच्या रकमेइतका आणि सामान वगळून काढलेला असू शकतो. तारणाचा विमा मागण्याचा हक्क बँकेला आहे, मात्र तो अमुकच कंपनीकडून घ्या, अशी सक्ती ती करू शकत नाही.

एक गैरसमज कराबाबतही आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विमा जीएसटीमुक्त झाले. घराच्या विम्याला ही सवलत नाही, त्यावर १८ टक्के कर कायम आहे. दोन भाव ताडताना दोन्ही करासह किंवा दोन्ही करावेगळे घ्यावेत.

विमा दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येतो आणि बहुवर्षीय विमापत्रात इमारतीची विमित रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यासाठी जादा हप्ता नसतो. सिमेंट-सळईचे दर ज्या वेगाने चढतात ते पाहता ही तरतूद मोलाची आहे. दहा वर्षांच्या हप्त्याला दहाने भागून वार्षिक हप्त्याशी तुलना करताना ती विसरू नये.

दावे चुकते करण्याबाबत कंपनीची ख्याती पाहावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो योग्य असला तरी आगीच्या विम्याचे जे दावा-गुणोत्तर प्रसिद्ध होते, त्यात कारखाने व गोदामांचा वाटा मोठा असतो. घरमालकाला त्यावरून फारसा बोध होत नाही. त्यापेक्षा २०१९ आणि २०२१ मध्ये ज्यांनी दावे केले, अशा शेजाऱ्यांना विचारावे. कोणाचा सर्वेक्षक कधी आला, किती रक्कम कापली गेली आणि का, याची माहिती गल्लीतच मिळते.

नुकसान झाल्यास कंपनीला ताबडतोब कळवावे. सर्वेक्षकाने पाहण्यापूर्वी भिजलेले सामान फेकू नये. साथीच्या भीतीने फेकावेच लागले, तर आधी प्रत्येक वस्तूचे आणि भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे छायाचित्र घ्यावे. तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडावी, मात्र सरकारी पंचनामा हा विम्याच्या सर्वेक्षणाला पर्याय नाही.

दावा नाकारला वा कमी मंजूर झाला, तर प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येते. सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतात. ५० लाखांपर्यंतच्या भरपाईची प्रकरणे तेथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचे अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत मात्र अर्ज करावा लागतो.